महिंद्रा सीजे३बी : पेट्रोल टाकीच्या आउटलेटला नक्की कुठलं फिटिंग बसतं?

घाटातला_जीपवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६८ ची सीजे३बी जीप आहे, हाय बॉनेटवाली, कराडला असते. मधे आधीच्या मालकाने तिच्यात डिझेल इंजिन टाकलं होतं, आता परत हरिकेन पेट्रोल इंजिन बसवलंय आणि ते मस्त चाललंय, त्रास फक्त टाकीचा. सीटखालच्या टाकीच्या बुडाला एक पितळी एल्बो (काटकोनी जोड) आहे, तिथून लाइन फ्युएल पंपाला जाते, त्या एल्बोला बारीक चीर गेली. इथल्या हार्डवेअरवाल्याने "हेच ते" म्हणून नवा दिला, तो हाताने दोन-तीन आटे गुळगुळीत जातो आणि मग एकदम अडतो, पान्याने पिळला तर बसतो पण टाकी अर्ध्याच्या वर भरली की थेंब थेंब सुरू, सीटवर बसलं की पेट्रोलचा वास. टेफ्लॉन टेप गुंडाळून झाली. आता दुकानदार म्हणतो टाकीचेच आटे गेलेत, एक साइझ मोठा टॅप मारून घ्या, म्हणजे नवे मोठे आटे पाडून घ्या. मारू का? जुन्या एल्बोचं माप वर्नियरने १० एमएमच्या थोडं वर येतंय. आणि टाकीवर अजून एक बूच दिसतंय, ते कशाचं?

पंक्चर_पाटील
एम-सील लावा की राव, आमच्या मामांच्या जीपला लावलंय, दोन पावसाळे झाले 😀

उद्यमनगरी
पाटील, मामांना सांगा जीपमधे बसून बिडी पेटवू नका 🙏

भावा, टॅप अजिबात मारू नको. टाकीचे आटे चांगले असणार, दुकानदाराने दिलेला एल्बोच चुकीच्या जातीचा आहे. ही गाडी मुळात अमेरिकन विलीजची, तिला पाइपचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. आपल्याकडे हार्डवेअरमधे नळाचं, कॉम्प्रेसरचं जे काय मिळतं ते सगळं बीएसपी, म्हणजे इंग्लंडची पद्धत. दोन्हीत १/८ म्हणून साइझ आहे आणि गंमत म्हणजे १/८ इंच असं माप त्या फिटिंगवर तुला कुठंच सापडणार नाही, बाहेरून मोजलं तर १० च्या आसपासच येतं, म्हणून लोक १० एमएम मागतात आणि मग भलतंच मिळतं. एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. एका आट्याचाच फरक, म्हणून तर सुरवातीला घुसतं आणि मग अडतं, तू सांगितलंस अगदी तसंच. शिवाय आट्याचा कोनही वेगळा, एनपीटीचा ६० अंश आणि बीएसपीचा ५५. त्यामुळे कितीही पिळलं तरी आट्याच्या खाचेत फट राहते आणि पेट्रोल तिथून वाट काढतं. पाणी एकवेळ टेपने थांबेल, पेट्रोल नाही थांबत.

डोळ्याने मोजायला जाऊ नको, फिटिंगवर आटे सेंटिमीटरभरच असतात, तेवढ्यात पाव-अर्ध्या आट्याचा फरक पडतो. पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पाती, घे, २७ चं पातं जुन्या एल्बोवर ठेव आणि मागून उजेड धर. फट दिसली नाही तर एनपीटी. मग आमच्याकडे कोल्हापूरला उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या टर्नरला जुना तुकडा दे, पितळी रॉडमधून बनवून देतो, फक्त त्याच्याकडे एनपीटीची डाय (आटे पाडायचं हत्यार) आहे का ते आधी विचार. नसेल तर तोही बीएसपीच पाडून देईल आणि वर छातीठोक सांगेल की बसतंय म्हणून.

घाटातला_जीपवाला
२७ चं पातं टाकीकडच्या बाजूला चपखल बसलं! पण एल्बोच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाइप येतो, तिथे वेगळेच आटे आहेत, जरा जाड, नट काढून मोजला तर १२.७ एमएम. हे काय?

टोलेडोचा_बंड्या
बरोबर आहे, ते पाइपचे आटे नाहीत, फ्लेअर नटचे, म्हणजे फुलवलेल्या तोंडाची नळी आवळणाऱ्या नटचे आहेत, अर्धा इंच आणि इंचाला २०. अडीच सुताची, म्हणजे ५/१६ इंचाची नळी असली की हाच नट येतो. आता इथे एक खड्डा आहे. हायड्रॉलिक होजवाल्यांकडे याच आट्याचं फिटिंग मिळतं, नट आरामात फिरतो, पण त्यांचा कोन ३७ अंशाचा असतो आणि आपल्या गाडीच्या नळीचं तोंड ४५ अंशाला फुलवलेलं असतं. दोन्ही कोन जुळले नाहीत की परत गळती. आणि त्या टोकाला टेप, पेस्ट काहीही लावू नकोस, तिथे सील धातूवर धातू बसूनच होतं. टेपचे तुकडे सुटले तर थेट पंपाच्या व्हॉल्व्हमधे आणि कार्बोरेटरमधे जाऊन बसतात. टाकीच्या बाजूला पेट्रोल चालणारी पेस्ट लाव, आधी हाताने घट्ट कर, मग पान्याने दीड-दोन फेरे, बास.

मी राहतो तिथेच, अमेरिकेत टोलेडोला, विलीजचा कारखाना होता, जीप इथलीच लेक. हे एल्बो इथे साध्या ऑटो पार्टच्या दुकानात टांगलेले असतात. डिसेंबरमधे पुण्याला येतोय, नळीचं माप नक्की कर, चार घेऊन येतो.

नागदेवी_स्ट्रीट
डिसेंबरपर्यंत कशाला थांबता, मुंबईत नागदेवीला पितळी फिटिंगची रांगच्या रांग आहे, "एनपीटीच हवं" असं ठणकावून सांगा आणि पिच गेज खिशात ठेवा. जीपचे पार्ट म्हणून हवं असेल तर दिल्लीच्या मायापुरी किंवा हरियाणातल्या मंडी डबवालीकडचे लोक कुरिअर करतात, पण फोटोवरून घेऊ नका, फोटोत आटे सगळे सारखेच दिसतात.

ते दुसरं बूच बहुतेक डिझेलच्या रिटर्न लाइनचं असणार. डिझेलमधे पंपाकडून उरलेलं इंधन परत टाकीत येतं, म्हणून मालकाने भोक पाडून घेतलं असेल. ते बूच कशाने बंद केलंय ते बघा, रबराचं असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधे फुगून मऊ पडेल. रबरी होज जुनी असेल तर तीही बदला, इथेनॉल चालणारी म्हणून मागा.

उद्यमनगरी
आणि ते भोक कायमचं बंद करायला कुणी गॅसची बत्ती घेऊन टाकीजवळ आला तर त्याला हाकल. टाकी रिकामी म्हणजे जास्त धोका, आत वाफ असते. उतरवून गरम पाण्याने धू, दोन दिवस उघडी ठेव, मग काठोकाठ पाणी भरून फक्त डाग द्यायचा (झाळायचा) तेवढा भाग वर ठेवायचा. शक्यतो धातूचं बूच आट्यावरच बसव, डाग नकोच.

घाटातला_जीपवाला
बूच रबराचंच निघालं, आणि बोटाने दाबलं तर आत जातंय 😬 टाकी उद्या उतरवतो. बंड्या भाऊ, नळी ७.९ एमएम आली, म्हणजे अडीच सूतच ना? चारऐवजी दोन आणा, आणि १/८ चं धातूचं बूच मिळालं तर एक.

टोलेडोचा_बंड्या
हो, अडीच सूत. बूच आणतो, पण आधी त्या दुसऱ्या भोकाचे आटे मोज. ते आपल्याकडेच पाडलेलं आहे, बीएसपीच निघेल बघ.