रहिवासी, अधिवासी, डोमिसाईल... नेमका शब्द कुठला?

दोन दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे टाकते. भाचीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तिने महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला आणि तो सेंड बॅक आला, का तर तिने तलाठ्याचा रहिवासी दाखला जोडला होता आणि हवा होता अधिवास. ती मला म्हणते मावशी, दोन्हीचा अर्थ 'राहणे'च ना? मी म्हटलं हो गं, आणि गप्प बसले कारण पुढे काय सांगावं ते सुचेना. रहिवास, निवास, अधिवास, वास्तव्य, सगळ्यांत तोच वस् धातू. मग फरक शब्दात आहे की फक्त सरकारदरबारी?

—

ताई, सरकारदरबारीच आहे पण चांगला मोठा आहे. सेतूत, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्रात, सात वर्षं काढलीत म्हणून सांगतो. रहिवासी दाखला म्हणजे हा माणूस अमुक गावात राहतो, संपलं. डोमिसाईलच्या कागदावर नाव बघा, 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र', तो तहसील कचेरीतून निघतो आणि त्याला महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, मग लोक शाळेचे दाखले, रेशनकार्ड, जुनी लाईट बिलं असं बोचकं घेऊन येतात. आणि खिडकीवर सगळे 'डोमासाईल काढायचंय' म्हणतात. अधिवास म्हणणारा सात वर्षांत एकच भेटला, तो संस्कृतचा मास्तर निघाला.

—

तो मास्तर मी नव्हे, पण मुद्दा माझ्या आवडीचा आहे. संस्कृतात साध्या वस् धातूला जागा सप्तमीत येते, गावात राहतो, घरात राहतो. पण धातूच्या आधी उप, अनु, अधि किंवा आ लागला की जागा थेट कर्म होते, पाणिनीचं सूत्रच आहे, उपान्वध्याङ्वसः. शाळेत घोकलेलं उदाहरण, हरिः वैकुण्ठम् अधिवसति. वैकुंठात नाही, वैकुंठाला. म्हणजे नुसतं जागेत असणं वेगळं आणि जागा आपली करून असणं वेगळं, असा अर्थ मी लावतो, व्याकरण एवढं बोलत नाही ते फक्त विभक्ती सांगतं.

आणि आपल्याकडे हा शब्द सरकारच्या आधी भटजींकडे होता. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्तीला जलाधिवास, धान्याधिवास करतात, म्हणजे पाण्यात, धान्यात ठेवतात. देवाचं थोडक्यात भागतं, आपल्याला मात्र १५ वर्षं.

—

हाहा, देवाला लाईट बिल मागत नाहीत.

—

गंमत पुरे, यात एक खरी गोची आहे. घटनेच्या अनुच्छेद ५ मध्ये अधिवास आहे, पण तो भारताच्या राज्यक्षेत्रातला. एखाद्या राज्याचा असा वेगळा अधिवास घटनेत नाही. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं, भारतात डोमिसाईल एकच, भारताचं, आणि राज्यं हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना खरं तर कायमचं वास्तव्य म्हणायचं असतं. मेडिकलच्या पीजी सीटवरून जानेवारी २०२५ मध्ये जो निकाल आला त्यातही हीच भूमिका परत मांडली.

आणि फीचंच बोलायचं तर एक जुना खटला १९५५ चा, डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ आणि बाहेरच्यांना भरावी लागायची, दिल्लीचा एक विद्यार्थी कोर्टात गेला. बहुमताचा निकाल असा की अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेदभाव करू नका म्हणतो, रहिवासावरून म्हणत नाही, त्यामुळे सवलत चालेल. म्हणजे फीची सवलत तग धरून राहिली ती रहिवास या शब्दावर, आणि आपण कागदावर छापतो अधिवास! ताई, भाचीला सांगा ती अर्थाच्या बाजूने बरोबर होती. तलाठ्याचा कागद आणि तहसीलचा कागद दोन्ही रहिवासाचेच, एक आजचा आणि एक १५ वर्षांचा. पण फॉर्म अर्थावर चालत नाही, नावावर चालतो, तेव्हा तहसीलचाच जोडा.

—

इकडे वॉशिंग्टन डी.सी.त उलटं वाटतं. डी.सी. हे राज्य नाही, त्यामुळे इथल्या मुलांना इनस्टेट, म्हणजे त्याच राज्यातल्यांसाठीच्या कमी फीवाली राज्य विद्यापीठांची रांगच नाही, म्हणून १९९९ च्या कायद्याने ट्यूशन ग्रँट आली, दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात गेलात तर इनस्टेट आणि बाहेरच्यांची फी यातला फरक ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देतात. त्यांच्या अटींत शब्द डोमिसाईलच आहे पण मुदत सलग १२ महिन्यांची. आता याला मराठीत काय म्हणू? 'अधिवास शिक्षण अनुदान' म्हटलं तर आईला कळणार नाही आणि ट्यूशन ग्रँट म्हटलं तर ती म्हणते क्लासचे पैसे सरकार कशाला देतंय, कारण आपल्याकडे ट्यूशन म्हणजे शिकवणी.

—

'इथल्यांसाठी फी सवलत' म्हणा की सरळ. अनुदान हा शब्द मला संस्थेला मिळणाऱ्या पैशासाठी बरा वाटतो, मुलाला मिळते ती सवलत नाहीतर शिष्यवृत्ती. आमच्या वेळी तर आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीला 'ईबीसी' एवढंच म्हणायचे, ईबीसी भरली का, ईबीसी आली का, त्याचा फुलफॉर्म कुणालाच माहीत नसायचा.

—

मी बेळगावचा, आमचा तिढा तुमच्या कुठल्याच शब्दात बसत नाही. राहतो कर्नाटकात, कागद कर्नाटकाचे, भाषा मराठी. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी टाईप ई नावाचा वेगळा गट ठेवलाय. म्हणजे इथे पात्रता रहिवासाने धड ठरत नाही, अधिवासाने तर नाहीच, महाराष्ट्राच्या ८६५ गावांवरच्या दाव्याने आणि मातृभाषेने ठरते. आमच्याकडे शब्द एकच, सीमावासी.

—

एक शुद्धलेखनाची कुरकुर. वर कुणी चुकलं नाही पण सोसायटीच्या बोर्डावर नेहमी दिसतं, 'सर्व रहिवाशी'. मूळ रूप रहिवासी, प्रत्यय लागला की स चा श होतो, रहिवाशांना. प्रवासी, प्रवाशांना तसंच.

—

सगळ्यांचे आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं, तिला पाणिनी आवडला, १५ वर्षं ऐकून म्हणाली मी तर अठराची आहे, तीन वर्षं जास्तच झाली की. सोमवारी तहसीलला जातोय. सेतूवाले दादा, २०११ च्या आधीची लाईट बिलं नाहीत, पहिलीपासूनचे शाळेचे दाखले आहेत, ते चालतील ना?