मलबार ट्री निम्फ : गर्द सावलीत पांढऱ्या पंखांचे छायाचित्र आणि वेलीची ओळख, मदत हवी आहे

नमस्कार. गोव्यात तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या देवळाभोवतीच्या रानात गेली दोन वर्षे, पाऊस सरल्यावर, मी मलबार ट्री निम्फ या फुलपाखराची छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न करीत आहे. गोव्याचे हे राज्य फुलपाखरू पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर भरते, तरीही मनासारखे एकही छायाचित्र हाती लागलेले नाही.

त्याचे पंख पांढरट, अर्धपारदर्शक आणि काळ्या ठिपक्यांचे असून मागे सदाहरित रानाची गर्द सावली असते; त्यामुळे कॅमेरा सावलीचा अंदाज घेतो आणि पंखांवरची नक्षी पार धुऊन निघते. एक्स्पोजर १ स्टॉपने (म्हणजे प्रकाश निम्म्यावर) कमी केल्यास नक्षी वाचते, पण मागचे रान काळेठिक्कर पडते. उडणे संथ, तरंगल्यासारखे दिसत असले तरी शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ ठेवल्यास पंखांची टोके पुसट येतात, आणि माझ्या ४०० मिमी, एफ ५.६ लेन्सवर त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० च्याही पुढे जावे लागते. फुलपाखरू कवडशातून सावलीत सतत ये-जा करीत असल्याने, पंखांवर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणे) ठेवून थोडे एक्स्पोजर वाढवणे बरे, की कवडशाचे मोजमाप आधीच घेऊन मॅन्युअलवर राहणे? ते बहुधा पाच-सहा मीटर उंचीवर असते, म्हणून फ्लॅशचा विचार मी सोडला आहे.

दुसरा प्रश्न, म्हणजे त्याच्या अळ्यांची वेल शोधण्याचा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण नुसते मागे धावण्याचा आता कंटाळा आला आहे. याच्या अळ्या कण्हेरीच्या कुळातील पार्सोन्सिया व अगानोस्मा या वेलींवर वाढतात. या कुळातील विषारी द्रव्यांमुळे पक्षी अशा फुलपाखरांच्या वाटेला सहसा जात नाहीत, म्हणूनच त्यांना असे निवांत उडणे परवडते, असे मी वाचले आहे. मात्र वेलीची पाने झाडांच्या शेंड्यांत असतात आणि खालून नुसते खोड दिसते. खोडाला खाच मारून चीक पाहणे अभयारण्यात वर्ज्यच आहे, आणि एरवीही मला ते पटत नाही. केवळ सालीवरून किंवा खाली पडलेल्या पानांवरून या वेली ओळखता येतात का? की उन्हाळ्याच्या तोंडाशी जाऊन शेंगांतून उडालेल्या म्हाताऱ्या शोधाव्यात?

कोणास नेमकी वेल ठाऊक असल्यास तिची जागा येथे उघड न लिहिता कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावी.