चर्चा: नाशिकच्या गोदावरीवर बांधकामांचा काय परिणाम होतो, त्याचा हिशेब प्लॉटगणिक करायचा की अख्ख्या पाणलोटाचा?

गंगाघाट: 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे 19,000 च्या दहा स्कीम एकाच नाल्यावर उभ्या राहिल्या, तरी कागदावर कुणाचाच परिणाम दिसत नाही. नाल्यात पाणी मात्र दहाही स्कीमचं येतं. उगमाच्या ब्रह्मगिरीपासून खाली नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यापर्यंत सगळ्या कामांचा मिळून एकच अभ्यास व्हायला हवा. 2027 च्या सिंहस्थाची कामं धरून.

प्लॅनवाला: मी स्थापत्य अभियंता आहे, मला हे पटत नाही. नदीकाठची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या पाळूनच प्लॅन मंजूर होतो. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर येतो तो गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्यावर. 2019 ला हेच झालं. त्यात कुणाच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकचा काय संबंध? अभ्यास होईपर्यंत परवानग्या अडवल्या, तर हप्ता आणि भाडं दोन्ही भरणारा माणूस भरडला जातो. त्याचा कुणी विचार करत नाही.

नासर्डीकाठ: दादा, नासर्डी गंगेला मिळते ती धरणाच्या खाली. तिच्या पाण्याला कुठलं धरण अडवतं? आमच्या परसातल्या जांभळाच्या बुंध्यावर वडील पुराची चुन्याची रेघ मारायचे. तेव्हा जोराचा पाऊस झाला की पाणी चढायला अर्धा दिवस जायचा, सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळायचा. आता तासाभरात उंबऱ्याला लागतं. मधली शेतं गेली, तिथे सगळीकडे फरशी आणि डांबर झालंय.

प्लॅनवाला: ताई, तुमचं नुकसान खरंच आहे. पण पाऊसही आता कमी वेळात जास्त कोसळतो, नाल्यात राडारोडा टाकतात. सगळं बांधकामावर ढकलणं बरोबर नाही.

गंगाघाट: मग कशाचा किती वाटा, तेच तर मोजा म्हणतोय! आणि परवानग्या बंद करा असं मी कुठे म्हटलं? रामकुंडाच्या परिसरात तळाला काँक्रीट घातलं, तेव्हाही त्या एका कामापुरतंच पाहिलं होतं. खालचे झरे बुजले.

निफाडकर: तुम्ही दोघंही शहरापुरतंच बोलताय. तुमचं पाणी पुढे आमच्या चांदोरी-सायखेड्यात येतं. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकतात, खालून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, आणि पाणी द्राक्षबागेत शिरतं. अभ्यास करायचा तर आमच्या गावापासून वर मोजत या. कुठल्या साली बागेत किती पाणी होतं, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे.