जुना सेमी (ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक) घ्यायचाय, दोन गाड्या बघितल्यात, सल्ला द्या

प्रेषक: संदीप

नमस्कार मंडळी,
लिस्टवर सहसा भाड्याचं घर आणि दिवाळी पहाटेचेच मेल असतात, त्यात हा जरा वेगळा विषय, चालवून घ्या. मी इंडियानापोलिसला असतो, काही वर्षं कंपनी ड्रायव्हर आहे, ड्राय व्हॅन म्हणजे बंद डब्याचा ट्रेलर ओढतो, बहुतेक शिकागो-अटलांटा. आता स्वतःची गाडी घ्यायची असं घरात ठरलंय (आईला अजून सांगितलेलं नाही). नवी परवडत नाही, वर १२ टक्के फेडरल एक्साइज टॅक्स, जुनीला तो नाही. दोन फ्रेटलायनर कॅस्केडिया बघितल्यात, दोन्हीत डीडी१५ इंजिन. एक २०१९ ची, ४ लाख ८० हजार मैल, डीलरकडे, एकदम चकाचक, ४२ हजार डॉलर. दुसरी २०१८ ची, ६ लाख २० हजार मैल, एका छोट्या फ्लीटची, सीट फाटलेली, बंपरला पोचा, ३१ हजार. माझ्याकडे साठवलेले ४५ आहेत. मन पहिलीकडेच जातंय, मैल कमी आहेत, आणि बायकोलाही तीच आवडली. डीलर म्हणतो सोमवारपर्यंतच थांबतो. अजितकाका, तुम्ही या धंद्यात आहात म्हणून मुद्दाम विचारतोय.

प्रेषक: अजित

संदीप, डीलरचा सोमवार कधी संपत नसतो, ते सोड.

मैलांवर जाऊ नकोस. दोघांनाही ईसीएमचा म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रिपोर्ट माग, त्यात इंजिनाचे एकूण तास, आयडलचे (गाडी उभी, इंजिन चालू) तास आणि जुने फॉल्ट कोड सगळं येतं. द्यायला का-कू करतील त्यांच्याकडे परत जायचंच नाही. आणि दुरुस्तीची बिलं माग, तोंडी हकीकत नको. तास कळले की इथेच टाक.

प्रेषक: संदीप

काका, मिळाले. डीलरवाली १७ हजार तास, फ्लीटवाली १३ हजार. डीलरकडे बिलं नाहीत, ऑक्शनमधून आणली म्हणतो. फ्लीटवाल्याने अख्खी फाईल पाठवली, ऑइल चेंजसकट.

प्रेषक: अजित

> डीलरवाली १७ हजार तास, फ्लीटवाली १३ हजार

मग भागाकार कर की. पहिलीचा सरासरी वेग पडतो २८ मैल, दुसरीचा ४७-४८. म्हणजे पहिली गाडी हायवेवर कमी आणि उभ्या उभ्या जास्त चालली आहे, ड्रायव्हर रात्रभर हीटर-एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपलाय नाहीतर गाडी शहरात यार्डातून यार्डात फिरलीये. आणि हे डिझेल इंजिन उभं राहून चाललं की एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, ती सगळी डीपीएफमध्ये म्हणजे एक्झॉस्टच्या काजळीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते, मग ती जाळून टाकायला सारखं रीजन, मग धूर थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर, धुरात डेफचं द्रावण सोडणारा डोझर, सेन्सर, एकामागून एक रांग लागते. इंजिनापेक्षा आजकाल पैसे हेच खातं. रस्त्यात लाइट लागला की कॉम्प्युटर ताकदच काढून घेतो आणि तू बसतोस टो-ट्रकची वाट बघत, लोड गेला तो वेगळाच. आपल्याकडे घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी घेताना लोक रंग आणि टायर बघून भाव करायचे, इथे तसं केलंस तर मेलास.

बघायला जाशील तेव्हा आदल्या दिवशीच सांग की गाडी आधी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा हात इंजिनाच्या ब्लॉकवर ठेव, गार लागला पाहिजे. गरम असेल तर काहीतरी लपवतायत. मग तशीच थंड गाडी सुरू करायला लाव. नंतर चांगली तापू दे आणि ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेव. नुसतं थरथरलं तर ठीक, नाचून खाली पडलं तर ब्लो-बाय आहे, म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस निसटतोय, पिस्टन रिंगा गेल्यात, इनफ्रेमला (इंजिन गाडीतच ठेवून आतून नवं करायला) २०-३० हजार सहज. मग एक पांढरं फडकं घेऊन एक्झॉस्टच्या नळीत आतून फिरव. २००७ नंतरच्या गाडीत ते जवळपास स्वच्छ निघायला हवं, काळं निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी डिलीट मारलाय, म्हणजे फिल्टरच काढून टाकलाय. डिलीट केलेली गाडी फुकट दिली तरी घ्यायची नाही, क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. कूलंटच्या टाकीत बुडबुडे किंवा तेलाचा तवंग दिसला तरी तसंच मागे फिर. आणि तू उभा असताना पार्क्ड रीजन करायला लाव, कंटाळा आला तरी पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही.

सीट काय, फाटली तर बदलता येते.

प्रेषक: मेधा

संदीप, मी ट्रकवाल्यांचे टॅक्स करते म्हणून मध्ये बोलते. गाडी कुठलीही घ्या, पण ४५ पैकी ४२ गाडीत घातले तर पहिल्याच महिन्यात अडकाल. स्वतःची ऑथॉरिटी (स्वतःच्या नावाने माल वाहायचा सरकारी परवाना) काढणार असाल तर कायद्याने लायबिलिटी इन्शुरन्स किमान साडेसात लाख डॉलरचा लागतो पण माल मिळवून देणारे ब्रोकर १० लाखांशिवाय बोलतच नाहीत, आणि नव्या एमसी नंबरला (त्या परवान्याचा नंबर) प्रीमियम वर्षाला १५-२० हजार सांगितला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. त्यात काही ब्रोकर नव्या नंबरला लोडच देत नाहीत. डिझेलचे पैसे आज जातात, लोडचे ३० दिवसांनी येतात, फॅक्टरिंग केलं, म्हणजे बिल एखाद्या कंपनीला देऊन पैसे लगेच घेतले, तर त्यातले काही टक्के त्यांचे. माझं मत, पहिलं वर्ष एखाद्या चांगल्या कॅरियरला (माल वाहणाऱ्या कंपनीला) गाडी लीज ऑन करा, म्हणजे गाडी तुमची पण चालवायची त्यांच्या परवान्यावर, ते टक्के कापतील पण इन्शुरन्सचा बोजा हलका होतो. २२९० फॉर्मचे (जड गाडीचा रस्ता-टॅक्स) वर्षाला ५५० डॉलर, आयआरपीची (अनेक राज्यांत चालणारी) प्लेट, हे वेगळंच. तिमाही टॅक्स भरायला विसरू नका, आता तुमचा पगार कोणी कापून देणार नाही. घराबाहेरच्या दिवसांचा पर डिएम (रोजचा जेवणखर्च) ८० डॉलर धरता येतो, त्यातला ८० टक्के वजा होतो, म्हणून लॉगबुक नीट ठेवा.

प्रेषक: अजित

मेधाताई बरोबर सांगतायत. आणि कॅरियर म्हणाला की गाडी पण आम्हीच देतो, आठवड्याला हप्ता कापू, तर तिथून पळ. लीज-पर्चेसवर बंदीच आणा अशी शिफारस सरकारच्याच टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मध्ये केलीये.

प्रेषक: संदीप

काका, मेधाताई, खूप आभार. काल फ्लीटवालीकडे गेलो होतो. ब्लॉक गार, झाकण नुसतं थरथरलं, फडकं जवळपास पांढरंच. रीजन झालं, कोड नाही. फक्त पुढच्या दोन्ही टायरची नक्षी ५/३२ इंचावर आलीये आणि डावीकडचा आतून जास्त झिजलाय. मालक २९ ला तयार झालाय, टायर तुमचे तुम्ही बघा म्हणतो. लीज ऑनसाठी दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. बायको म्हणते सीट कव्हर ती निवडणार.

प्रेषक: अजित

स्टीअरला म्हणजे पुढच्या टायरना कायद्याने ४/३२ च्या खाली चालत नाही, म्हणजे तुझे संपलेच. पण आतून झिजलेत म्हणजे नुसते टायर नाहीत, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि अलाइनमेंट बघायला लाव, पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवलं की लगेच कळतं. किंगपिन ढिले निघाले तर २७ म्हण. आणि टायटलवरचा लीन (कर्जदात्याचा बोजा) सुटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय कॅशियर्स चेक काढायचा नाही. व्हीआयएन म्हणजे चेसिस नंबर फ्रेमवरचा वाचायचा, दारावरचा नाही.