झोप समीकरणात घातली, की काम झालं?
रात्रपाळीने रक्तदाब किती बदलतो, याच्या संख्याशास्त्रीय समीकरणात झोपही घातली, की रात्रपाळीचा जो आकडा उरतो तो थेट परिणाम, जेवढा घटला तो झोपेमार्फतचा, असं म्हटलं जातं. इथेच घात होतो. आमच्या घणसोलीत रात्रपाळीचा माणूस सकाळी ७ला बसमधून उतरतो, पडदे ओढून आडवा होतो, तोच शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू. पाळ्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या तरी झोप कुणी चिठ्ठीने वाटलेली नसते! घरची काळजी झोपही उडवते, रक्तदाबही चढवते. ती मोजलीच नाही तर दोन्ही आकडे चुकू शकतात. रात्रपाळीमुळेच तंबाखू वाढली आणि तीही झोप आणि रक्तदाब दोन्हींवर परिणाम करत असेल, तर नुसती मोजूनही भागत नाही, जादा गृहीतकं लागतात. आधी प्रश्न नीट मांडा: पाळी दिवसाचीच, पण झोप रात्रपाळीत मिळाली असती तेवढीच, तर रक्तदाब किती बदलेल? घरच्या ताणाची नोंद घेतली आहे का तुम्ही?