मंगळावर श्वास कुणाच्या भरवशावर, यंत्राच्या की ज्वारीच्या?

हुरडाखाऊ: परवा मंगळवेढ्याकडं हुरड्याला गेलो होतो. कणसं भाजताना पुतण्या म्हणाला, "काका, मंगळावर मालदांडी ज्वारी पेरली की जेवण आणि हवा, दोन्हीची सोय." शेंगाचटणी संपेपर्यंत आमची जुंपली. माझं मत असं की झाडं खाण्यापुरती लावा, श्वास यंत्राकडून घ्या. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून दाखवलाय. पीक वाळलं तर चार दिवस उपाशी राहू, गुदमरून तरी मरणार नाही.

जुळे सोलापूरकर: काढला किती, तेही सांगा की वो. सोळा वेळा चालवून १२२ ग्रॅम! माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांची कमाई एकट्याला साडेतीन तास पुरणार. शिवाय यंत्र आतून ८०० अंशांवर तापवायचं. सोलापुरात राहून विजेवर एवढा विश्वास?

हुरडाखाऊ: ते नमुन्याचं यंत्र होतं, मोठं करता येतं. आणि तुमच्या पिकाला वीज नको का? तिथं ऊन आपल्या निम्म्याहून कमी, हवेचा दाब एक टक्कासुद्धा नाही. बंद खोली, दिवे, पंप, सगळं आलंच.

बांधावरून: दोघंही कडबा विसरलात. झाड वाढताना ऑक्सिजन देतं, पण धाटं कुजायला लागली की दिलेला परत घेतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ या हवाबंद काचघरात १९९१ ला आठ माणसं कोंडून घेतली. आत शेती होती, झाडं होती. तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला. माती सेंद्रिय खतानं भरलेली, तिच्यातले जिवाणूच तो खात होते. त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायचा, तर तो काँक्रीटनं शोषला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

जुळे सोलापूरकर: मग कुजवूच नका, गंजी लावा! मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड फुकट पडलाय, पिकाला तो द्यायचा. जेवढा कडबा साठेल तेवढा ऑक्सिजन शिल्लक.

बांधावरून: हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पण कडब्यातलं नत्र-पालाश गंजीतच अडकलं की पुढच्या पेऱ्याला काय घालणार? तिथं खताचं दुकान नाही. आणि माती म्हणाल तर तिच्यात परक्लोरेट हा क्लोरीनचा क्षार, २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलेलं. थायरॉइडला वाईट. धुतल्याशिवाय त्या मातीतली भाजी मी तरी खाणार नाही.

वरणभात: मालदांडीचा हट्ट सोडा, पुरुषभर उंच वाढते. अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात मूग-मेथी उगवली, त्याआधी इस्रोनं कक्षेत चवळी. तिथून सुरू करा.

हुरडाखाऊ: मोड माझ्या डब्यातही येतात, त्याला पीक म्हणत नाहीत. आणि मोड येताना बी ऑक्सिजन घेतं, देत नाही.

वरणभात: बरं, यंत्र श्वासाला, मेथी जेवणाला. मिटवा.

जुळे सोलापूरकर: नाही मिटत. यंत्र बिघडलं तर मेकॅनिक यायला सहा-सात महिने. ज्वारीचं बी माझ्या खिशात असतं.

हुरडाखाऊ: पुतण्याला धागा वाचून दाखवला. तो विचारतोय, ऑक्सिजनच्या बंद खोलीला लागून वाळक्या कडब्याची गंजी, मग हुरडा भाजायचा कुठं?