फ्लाइट मोडमध्ये असलेल्या फोनला आपले ठिकाण कळते कसे?

कातळवाट यांचा प्रश्न:

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही चौघे खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. खिरेश्वरपर्यंतचा रस्ता फोनवर पाहतच आम्ही पोहोचलो आणि मग बॅटरी पुरावी म्हणून मी पायथ्यालाच फोन फ्लाइट मोडवर टाकला. वायफाय आणि ब्लूटूथही बंद केले. खिंडीच्या वरच्या टेकड्यांवर धुके इतके दाटले की दहा पावलांवरचा सोबती दिसेना, तेव्हा घरून उतरवून नेलेला नकाशा उघडला. निळा ठिपका लगेच आला, तोही बरोबर पायवाटेवर, आणि आम्ही चालू लागताच तोही सरकू लागला. आमच्यातल्या एकाचे ठाम म्हणणे असे की, फोन गुपचूप टॉवरशी बोलत असणार, एरवी हे शक्यच नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रात्रीच्या रेल्वेने परगावी गेलो असताना खात्री करण्यासाठी सिम काढून, नातेवाइकांच्या घराच्या गॅलरीत हाच प्रयोग केला. ठिपका आला, पण तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला. टॉवरचा संबंध नसेल, तर हा फरक का पडावा? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

लहरी यांचा प्रतिसाद:

तुमच्या सोबत्याची शंका स्वाभाविक आहे, पण फोनवर अन्याय करणारी आहे. ठिकाण कळण्यासाठी फोनला कोणाशी बोलावे लागत नाही, फक्त ऐकावे लागते. ट्रान्झिस्टरवर पुणे केंद्र लावताना आपण केंद्राला काही कळवत नाही आणि कोण ऐकत आहे हे केंद्रालाही कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. फ्लाइट मोडचा रोख फोनमधून बाहेर पडणाऱ्या लहरींवर असतो. जीपीएसचा भाग मुळात काही प्रक्षेपितच करत नसल्याने आजचे बहुतेक फोन त्याला चालू ठेवतात. पूर्वीचे काही फोन फ्लाइट मोडमध्ये त्यालाही झोपवत असत, त्यामुळे 'रेंज नाही तर लोकेशन नाही' हा समज अजून टिकून आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाबरहुकूम अखंड सांगत असतो की, मी अमुक क्रमांकाचा, माझ्याकडे आता इतके वाजले आहेत आणि माझी कक्षा अशी आहे. अगदी डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा हा संदेशही फोनपर्यंत यायला सुमारे ६७ मिलिसेकंद घेतो. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आकडे मोजून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण बांधतो, तसाच फोन या विलंबावरून अंतर काढतो. मात्र इथे वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्याने वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. फोनमधले साधे क्वार्ट्झचे घड्याळ इतके काटेकोर असणे शक्य नाही. म्हणूनच तीन उपग्रह पुरत नाहीत, चौथा लागतो: अक्षांश, रेखांश आणि उंची ही तीन अज्ञाते, आणि आपल्याच घड्याळाची चूक हे चौथे. चार समीकरणे सुटली की ठिकाणासोबत अचूक वेळही पदरात पडते, आणि मला स्वतःला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

आता तुमची तीन मिनिटे. उपग्रहाचा मूळ संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितला जातो आणि तो साधारण चार तास कामाचा असतो. सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग संपूर्ण ऐकायचे, तर साडेबारा मिनिटे लागतात. नेटवर्क चालू असले की फोन हाच तपशील इंटरनेटवरून क्षणार्धात मागवून घेतो, शिवाय जवळचे टॉवर आणि वायफाय यांवरून आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाजही बांधतो. खिरेश्वरला तुम्ही रस्ता पाहत आलात, त्यामुळे गडावर पोहोचेपर्यंत फोनच्या गाठीशी ताजा तपशील होता. परगावी मात्र जुना तपशील शिळा झालेला, ठिकाण शेकडो किलोमीटरने बदललेले आणि विचारायला कोणी नाही. त्यात गॅलरीतून अर्धेच आकाश दिसते, आणि एखाद्या उपग्रहाचा संदेश मध्येच तुटला की पुढच्या ३० सेकंदांच्या फेरीची वाट पाहावी लागते. गच्चीत गेला असता तर बहुधा मिनिटभरात काम झाले असते. थोडक्यात, नेटवर्कमुळे वाचतो तो वेळ; ठिकाण उपग्रहांवरूनच निघते.

रानवाटा यांचा प्रतिसाद:

लहरी यांनी तत्त्व उत्तम सांगितले आहे. मी माझ्या पायाखालचे सांगतो. आकाश किती दिसते यावर सारे अवलंबून असते, याचा धडा मला साम्रदच्या सांदण दरीत मिळाला. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी असताना फोनने माझ्या चालीची जी नोंद केली, तिच्यानुसार मी दोनदा कड्याच्या पोटात शिरून पलीकडून बाहेर आलो होतो. कातळावर आपटून आलेला संदेश जास्त अंतर कापून येतो आणि फोनला तेच खरे अंतर वाटते. नव्या फोनांपैकी काही एल-१ या नेहमीच्या लहरीबरोबर एल-५ ही दुसरी लहरही ऐकतात, आणि असे परावर्तित संदेश ओळखून बाजूला काढणे तिच्यामुळे सोपे जाते. आपला 'नाविक', म्हणजे जीपीएससारखीच भारताची स्वतःची उपग्रहव्यवस्था, हाही एल-५ वर प्रक्षेपण करतो, परंतु फोनच्या चिपमध्ये तशी सोय असेल तरच त्याचा उपयोग.

उंचीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. अलिबागच्या किनाऱ्यावर पाण्यात घोटाभर उभा असताना माझ्या फोनमधल्या एका अॅपने मला समुद्रसपाटीच्या साठेक मीटर खाली दाखवले होते. फोन बिघडलेला नव्हता. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या आकाराच्या तितकीच खाली आहे. काही अॅप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत.

कातळवाट यांचा प्रतिसाद:

दोघांचेही आभार. सोबत्याला हा धागा वाचायला दिला. आता त्याचा नवा मुद्दा असा की, फोन नुसताच ऐकतो असे मानले, तर फ्लाइट मोडमध्ये आपण कुठे होतो हे कोणालाही कधीच कळणार नाही ना?

लहरी यांचा प्रतिसाद:

असे मात्र म्हणता येणार नाही. ऐकून काढलेले ठिकाण फोनमध्ये लिहून ठेवले जाऊ शकते. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर त्या दिवशीच्या प्रत्येक छायाचित्रात अक्षांश-रेखांश नोंदले गेले असतील, आणि चालीची नोंद ठेवणारी अॅप घरी परतून वायफाय जोडताच सगळा मार्ग आपापल्या सर्व्हरवर चढवू शकतात. फ्लाइट मोड पाठवण्याचे काम तेवढे लांबणीवर टाकतो. ठिकाण मुळात काढलेच जाऊ नये अशी इच्छा असेल, तर सेटिंगमधले लोकेशनचे बटण वेगळे बंद करावे लागते.

बॅटरीबाबत तुमचा निर्णय योग्यच होता. डोंगरात रेंज येत-जात असताना टॉवर शोधण्यासाठी फोन जी धडपड करतो, ती बॅटरीला फार महागात पडते.

रानवाटा यांचा प्रतिसाद:

एक भर घालतो. कोणी जखमी झाले, तर ठिपका कितीही अचूक असला, तरी तो मदत करणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला फ्लाइट मोड काढून, उंचवट्यावर रेंज शोधून ११२ लावावाच लागतो, आणि तेव्हा आकडे तोंडी सांगायची वेळ येते. त्यात हमखास होणारी एक चूक आहे. हरिश्चंद्रगड साधारण १९ अंश २३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. हेच दशांश पद्धतीत १९.३८ होते. घाईत कोणी १९ अंश २३ मिनिटांचे १९.२३ करून सांगितले, तर शोधपथक सुमारे १७ किलोमीटर दक्षिणेला जाईल. आपले अॅप दोहोंपैकी कोणती पद्धत दाखवते हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि फोनवर सांगताना 'अंश', 'मिनिटे' किंवा 'दशांश चिन्ह' हे शब्द उच्चारूनच सांगावे. दशांशानंतरचे चार आकडे पुरतात. तेवढ्याने जागा दहा-बारा मीटरच्या आत येते.